आईचं बीपी १६२/७०: वयाचं म्हणून सोडून द्यायचं की गोळी सुरू करायची?

गोदाकाठ

नमस्कार मंडळी. आई ७६ वर्षांची आहे, पंचवटीत राहते. स्वयंपाक स्वतः करते, संध्याकाळी रामकुंडापर्यंत एक चक्कर असते, एकादशी चुकवत नाही. शुगर नाही. गुडघ्यासाठी दवाखान्यात नेलं तेव्हा बीपी १६२/७० निघालं. डॉक्टर म्हणाले, परत एकदा बघू आणि असंच राहिलं तर गोळी सुरू करू.

घरी आल्यापासून जो तो सल्ला देतोय. मामाचं म्हणणं, वरचं बीपी शंभर अधिक वय इतकं चालतं, म्हणजे ताईला १७६ पर्यंत सूट आहे. शेजारच्या काकू म्हणतात, गोळी एकदा लागली की जन्माची. आणि आई स्वतः खुशीत आहे, "खालचं सत्तरच आहे ना, मग मला कसलं बीपी?"

वरचा आकडा इतका आणि खालचा तरुण माणसासारखा, हे होतं कसं? या वयात औषध देऊन पदरात नक्की काय पडतं? उगाच गोळ्या मारायच्या नाहीत, पण "वय झालं" म्हणून हयगयही करायची नाही. जाणकारांनी सांगावं.

जुना_नाशिकरोडकर

ताई, माझं वय ८१. नोकरीत होतो तेव्हा तपासणीला येणारे डॉक्टर हेच शंभर अधिक वयाचं गणित सांगायचे, त्यामुळे तुमच्या मामांना नावं ठेवू नका. आमच्या पिढीत सगळ्यांच्या तोंडी तेच होतं.

मी गोळी घेतो, नाही म्हणत नाही. पण मागच्या वर्षी वरचं १५० दिसलं म्हणून दुसरी गोळी वाढवली गेली. पंधरवड्यात पहाटे लघवीला उठलो तो डोळ्यांपुढे अंधारी आली आणि बाथरूमच्या उंबऱ्यावर आडवा झालो. हाड वाचलं. माझ्या वयाच्या माणसाचा खुबा मोडला तर पुढे काय होतं हे मी मित्रांच्या घरी पाहिलं आहे. आकडा खाली आणण्याच्या नादात माणूस खाली पडू नये, एवढंच माझं म्हणणं.

स्टेथो

मी फिजिशियन आहे, नाशकातच प्रॅक्टिस करतो. तपासल्याशिवाय कुणाला औषध सांगणार नाही, पण विचार कसा करायचा ते लिहितो. थोडं लांबेल.

आधी मामांचं सूत्र. ते मामांनी काढलेलं नाही, डॉक्टरांच्याच डोक्यात होतं. कडक झालेल्या रक्तवाहिन्यांतून मेंदूपर्यंत, मूत्रपिंडांपर्यंत रक्त पोचावं म्हणून शरीर आपणहून दाब वाढवतं, त्याला हात लावू नये, असं गेल्या शतकाच्या पूर्वार्धात बरेच जण मानत. लिव्हरपूलचे जॉन हे यांनी १९३१ मध्ये म्हटलं होतं की वाढलेल्या रक्तदाबाचा मोठा धोका तो सापडण्यातच आहे, कारण मग कुणीतरी मूर्ख तो उतरवायला जातो. त्या काळी उतरवायला धड औषधंही नव्हती. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी मार्च १९४४ मध्ये १८६/१०८ होतं. १२ एप्रिल १९४५ ला मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशीची नोंद आहे ३००/१९०. देशाच्या अध्यक्षासाठीसुद्धा डॉक्टरांच्या हाती फारसं काही नव्हतं.

१९४८ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रॅमिंगहॅम गावातल्या ५,२०९ माणसांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवण्याचं काम सुरू झालं, आणि तिथून चित्र बदललं. वरचा आकडा वयाबरोबर चढतच जातो. खालचा साधारण पन्नाशीपर्यंत चढतो, थोडा काळ थबकतो आणि मग उतरायला लागतो. आईंचं १६२/७० हे त्याच आलेखावरचं आहे.

असं का होतं, तर हृदय दर ठोक्याला साधारण ७० मिली रक्त महाधमनीत ढकलतं. महाधमनी लवचिक असेल तर ती त्या क्षणी फुगते, थोडं रक्त पोटात धरून ठेवते आणि दोन ठोक्यांच्या मधे आक्रसून ते पुढे सारते. त्यामुळे वरचा आकडा फार उडत नाही आणि खालचाही टिकून राहतो. वयाबरोबर तिच्या भिंतीतले इलॅस्टिनचे, म्हणजे ताणले जाणारे, धागे तुटतात, त्यांची जागा ताठर कोलॅजेन घेतं. दिंडोरीकडच्या बागाईतदारांना चार उन्हाळे खाल्लेली ठिबकची नळी कशी होते ते सांगायला नको. भिंत फुगत नाही म्हणून वरचा आकडा उसळतो, मागे साठा राहत नाही म्हणून खालचा पडतो. म्हणजे खालचं ७० ही "बीपी नाही"ची खूण नव्हे. दोन आकड्यांमधलं अंतर वाढणं ही धमनी कडक झाल्याची खूण आहे, आणि साठीनंतर धोका वरच्या आकड्यावरून जास्त कळतो.

वयाप्रमाणे वाढतं म्हणून ते निरुपद्रवी, हा निष्कर्ष मात्र चुकीचा. २००२ साली ६१ अभ्यासांतल्या दहा लाख लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. चाळीस ते सत्तर या वयात वरचा आकडा दर २० ने वाढला की पक्षाघाताने आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट होतो, आणि ही चढण ११५ पासूनच सुरू होते. ऐंशीच्या पुढे ती इतकी तीव्र राहत नाही, पण त्या वयात मुळातला धोकाच मोठा असल्याने दाब उतरवल्याने प्रत्यक्षात वाचणारी माणसं जास्त.

औषधाने काय मिळतं हेही ठाऊक आहे. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेप चाचणीत अगदी आईंसारखीच माणसं होती: वय साठच्या वर, वरचं १६० किंवा जास्त, खालचं ९० च्या आत. ४,७३६ जण. निम्म्यांना क्लोरथॅलिडोन या लघवी वाढवणाऱ्या औषधाची छोटी मात्रा, गरजेनुसार जोडीला दुसरं औषध. त्यांच्यात पक्षाघात ३६ टक्के कमी झाले. २००८ ची हायव्हेट चाचणी तर ऐंशीच्या पुढच्यांची. लक्ष्य १५०/८० इतकंच ठेवलं होतं, तरी एकूण मृत्यू २१ टक्के कमी झाले आणि चाचणी मुदतीआधी थांबवावी लागली.

काकांच्या अनुभवावर वेगळं लिहितो, तो मुद्दा महत्त्वाचा आहे.

द्राक्षवेल

डॉक्टर, नळीचं अगदी पटलं. बागेत दर दोन-तीन वर्षांनी बदलतो आम्ही, धमनीचं तसं करता येत नाही हीच अडचण!

एक विचारू का? सासऱ्यांचं बीपी थंडीत हमखास वाढतं. निफाडला पारा चार-पाच अंशांवर आला की पहाटेचं माप १६५-१७०, आणि मे महिन्यात त्याच गोळीवर ११०. मशीन बिघडलं म्हणून नवीन आणलं, तरी तेच.

स्टेथो

द्राक्षवेल ताई, मशीन ठीक आहे. थंडीत कातडीजवळच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि दाब वाढतो; म्हाताऱ्या माणसांत हा फरक जास्त दिसतो. उन्हाळ्यात उलट, त्यात घाम आणि कमी पाणी. पाणी काढणारी गोळी, म्हणजे लघवी वाढवणारी, चालू असेल तर मे महिन्यात चक्कर येणं, सोडियम उतरणं असे प्रकार होतात. ११० वर उभं राहिल्यावर गरगरत असेल तर डॉक्टरांना दाखवून मात्रा कमी करता येते. गोळी मनाने बंद करू नका, आणि थंडीत मनाने वाढवूही नका.

आता जुना_नाशिकरोडकर काकांचं. काका, तुम्ही पडलात ते बहुधा उभं राहताना दाब घसरल्यामुळे. झोपलेला किंवा बसलेला माणूस उभा राहिला की रक्त पायांकडे उतरतं. तरुणपणी मानेतल्या संवेदकांनी इशारा दिला की हृदय आणि नसा लगेच सावरतात. वयाबरोबर ही चपळाई मंदावते. उभं राहिल्यावर तीन मिनिटांत वरचं २० किंवा खालचं १० ने उतरलं तर ते आम्ही दोष म्हणून नोंदवतो. प्रोस्टेटसाठी रात्री टॅम्सुलोसिन किंवा प्राझोसिनसारखी गोळी घेत असाल तर घसरण वाढते. घेता का?

साठीच्या पुढच्या कुणाचीही गोळी सुरू करण्याआधी आणि वाढवण्याआधी उभ्याचं माप घ्यायला हवं. खुर्चीतला आकडा पाहून मात्रा वाढवायची आणि पेशंट दारापर्यंत कसा चालत जातो हे बघायचंच नाही, हे मला मान्य नाही. हायव्हेट काय किंवा बीपी अधिक खाली आणून पाहणारी २०१५ ची स्प्रिंट चाचणी काय, नर्सिंग होममध्ये राहणारी माणसं त्यांत घेतलीच नव्हती, आणि स्प्रिंटमध्ये उभ्याने ११० च्या खाली जाणाऱ्यांनाही वगळलं होतं. त्यामुळे तिथले निकाल रामकुंडापर्यंत चालत जाणाऱ्या आजींना लागू होतात. अंथरुणाला खिळलेल्या, वजन उतरत चाललेल्या ऐंशीच्या माणसाला ते जसेच्या तसे लावता येत नाहीत.

जुना_नाशिकरोडकर

प्रोस्टेटची गोळी घेतो, टॅम्सुलोसिनच. बीपीच्या डॉक्टरांना ती सांगितली नव्हती, त्यांनीही विचारलं नाही. पुढच्या वेळी सगळ्या गोळ्या पिशवीत घालूनच घेऊन जातो.

अंबड_सेकंड_शिफ्ट

सगळे सत्तर-ऐंशीचं बोलताहेत म्हणून विचारतो. माझं वय ३६. कंपनीच्या वार्षिक तपासणीत १४४/९८ आलं. काही त्रास नाही, चक्कर नाही, डोकं दुखत नाही. सुपरवायझर म्हणाला रात्रपाळीमुळे असेल. वजन ९४ किलो. बायको म्हणते, झोपेत घोरता आणि मधेच श्वास थांबतो.

स्टेथो

दादा, तुमच्याबद्दल मला गोदाकाठ ताईंच्या आईंपेक्षा जास्त काळजी वाटते. त्रास नसणं हाच या दुखण्याचा धर्म आहे. तरुण वयात धमन्या लवचिक असतात, तरी खालचा आकडा ९८ आहे, म्हणजे बारीक रक्तवाहिन्या आवळलेल्या आहेत. पुढच्या दहा वर्षांचा हिशेब मांडला तर छत्तिशीत धोका किरकोळ दिसेल. पण तुम्हाला अजून चाळीस वर्षं हृदय आणि मूत्रपिंडं वापरायची आहेत.

घरी आठवडाभर मोजा. वाढलेलंच राहिलं तर चाळिशीच्या आतल्या माणसात कारण शोधायलाच हवं: लघवीतलं प्रथिन, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची रक्ततपासणी), पोटॅशियम, थायरॉइड, मूत्रपिंडाच्या धमन्या, मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींतून जादा झिरपणारं अल्डोस्टेरॉन, म्हणजे शरीरात मीठ धरून ठेवणारं संप्रेरक. आणि बायकोने जे सांगितलं ते डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगा. झोपेत श्वास अडकणं हे बीपीचं फार मोठं आणि हमखास दुर्लक्षित कारण आहे. तंबाखू खात असाल तर सोडा. वजन पाच किलो जरी उतरलं तरी आकड्यात दिसतं.

सुगरण_कॉलेजरोड

वयाबरोबर बीपी वाढणं अटळ आहे का, हे मला जाणून घ्यायचं आहे. की आपल्या खाण्यामुळे वाढतं? आमच्याकडे कणकेत मीठ, भातात मीठ, ताकात मीठ, वर पापड-लोणचं, आणि चार वाजता चहाबरोबर चिवडा. सैंधव वापरलं तर चालेल ना?

स्टेथो

फार चांगला प्रश्न. अटळ नाही. १९८८ च्या इंटरसॉल्ट अभ्यासात जगभरातल्या ५२ ठिकाणी दहा हजारांवर लोकांचं बीपी आणि लघवीतलं सोडियम मोजलं. ॲमेझॉनच्या जंगलातले यानोमामी लोक मीठ जवळजवळ खातच नाहीत. त्यांचं सरासरी बीपी ९५/६० च्या आसपास, आणि वय वाढलं तरी ते जवळपास तिथंच राहतं. ते सडपातळ आहेत, दिवसभर चालतात, दारूही जवळजवळ नाही, त्यामुळे सगळं श्रेय मिठाला देता येत नाही. पण म्हातारपण आलं की बीपी आलंच, असा निसर्गाचा नियम नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट एक छोटा चमचा, सगळं धरून. सैंधवातही सोडियम जवळपास तेवढंच असतं. पोटॅशियम घातलेलं कमी सोडियमचं मीठ मात्र खरोखर उपयोगी आहे. चीनमध्ये सुमारे २१,००० लोकांवर ते वापरून पाहिलं, २०२१ मध्ये निकाल आला, पक्षाघात १४ टक्के कमी. पण मूत्रपिंडं कमजोर असतील, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या बीपीच्या गोळ्यांतलं काही चालू असेल, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं. विचारल्याशिवाय नको.

सुगरण_कॉलेजरोड

आभारी आहे. कणकेतलं मीठ आजपासून बंद, भाजी असतेच की बरोबर. भातातलं आधीच घालायला नको होतं. चिवड्यासाठी मात्र घरच्यांशी भांडावं लागेल.

गोदाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. आईचं घरी मोजायला सुरुवात केली. दंडाचं मशीन आणलं. पहिल्या दिवशी १७१ दिसलं तेव्हा माझेच हातपाय गार पडले. मग लक्षात आलं, आई नुकताच जिना चढून आली होती, पलंगाच्या कडेला पाय लोंबकळत बसली होती आणि पट्टा फुगत असताना वहिनीला कुकरच्या शिट्ट्या विचारत होती. नीट मोजायचं कसं, हे कुणी एकदा सांगेल का?

परिचारिका_सातपूर

ताई, मी सांगते, रोजचं काम आहे माझं. आधी लघवीला जाऊन यायला सांगा, भरल्या मूत्राशयाने आकडा वाढतो. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, मशेरी नको. पाठ टेकून खुर्चीत बसवा, तळपाय जमिनीला, मांडीवर मांडी नाही. पाच मिनिटं नुसतं बसू द्या. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला, साडीच्या ब्लाउजची बाही घट्ट गुंडाळून वर सारायची नाही, तिचाच फास बसतो. पट्टा दंडाच्या मापाचा हवा. दंड जाड आणि पट्टा लहान असेल तर आकडा खोटा वाढतो. मोजताना बोलणं बंद, तुम्हीही विचारू नका. एका मिनिटाच्या अंतराने दोनदा घ्या. सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी, संध्याकाळी जेवणाआधी. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. आणि पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजून बघा, ज्या हाताला जास्त येईल तोच पुढे धरायचा.

स्टेथो

परिचारिका ताईंनी लिहिलंय ते प्रिंट काढून भिंतीला लावा. दवाखान्यात १४०/९० ला जे महत्त्व, ते घरच्या सरासरीत १३५/८५ ला. दवाखान्यात वाढतं आणि घरी नॉर्मल, असे लोक बरेच असतात. त्यांना लगेच गोळी लागत नाही, पण नजर ठेवावी लागते.

एक घाईची सूचना, कारण अशा धाग्यांवर हे हमखास विचारलं जातं: मशीनवर १८०/१२० च्या वर दिसलं आणि सोबत छातीत दुखणं, दम, एका बाजूची कमजोरी, वाचा अडखळणं, अचानक धूसर दिसणं यांतलं काहीही असेल तर १०८ ला फोन करा. त्रास काही नसेल तर शांत बसवा, परत मोजा आणि त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. जिभेखाली निफेडिपीनची कॅप्सूल फोडून देण्याची जुनी पद्धत अजून काही ठिकाणी दिसते. ते कृपया करू नका. दाब एकदम कोसळून पक्षाघात किंवा हार्ट अटॅक येऊ शकतो.

गोदाकाठ

आठवड्याची सरासरी १५२/६८ आली. उभ्याने १४६, चक्कर नाही. आणि काकांसारखी आईची गोळ्यांची पिशवी उपडी केली तर त्यात गुडघ्याच्या गोळ्यांचं पाकीट सापडलं, डायक्लोफेनॅक. मेडिकलमधून आणून रोज रात्री घेत होती. कुणालाच माहीत नव्हतं. याने बीपी वाढतं का?

स्टेथो

वाढतं. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या वेदनाशामकांनी मूत्रपिंड मीठ-पाणी धरून ठेवतं, दाब चढतो, आणि बीपीच्या बऱ्याचशा गोळ्यांचा असरही कमी होतो. आईंचे डॉक्टर गुडघ्यासाठी दुसरा मार्ग सुचवतील: मांडीच्या स्नायूंचे व्यायाम, लावायचं मलम, लागेल तेव्हा पॅरासिटामॉल, तेही पाण्यात विरघळणारं फसफसणारं नको, त्यात सोडियम भरपूर असतं. ती गोळी थांबवून दोन-तीन आठवड्यांनी परत आठवडाभर मोजा.

गोदाकाठ

उशीर झाला कळवायला. डायक्लोफेनॅक बंद केल्यावर सरासरी १४६/६८ वर आली. आमच्या डॉक्टरांनी ईसीजी, क्रिएटिनिन, सोडियम-पोटॅशियम, लघवी सगळं तपासलं. ईसीजीत हृदयाची भिंत जाड झाल्याची शंका आहे म्हणाले, त्यामुळे थांबायचं नाही असं ठरलं. ॲम्लोडिपीन अडीच मिलिग्रॅम सुरू केली. पावलांना सूज येते का ते बघायला सांगितलंय. आई विचारते, एकादशीला उपाशीपोटी गोळी घ्यायची का?

स्टेथो

घ्यायची. ॲम्लोडिपीनला पोटात अन्न असण्याची अट नाही. उपवासाला पाणी भरपूर पिऊ द्या, साबुदाणा खिचडीत आणि उपासाच्या वेफर्समध्ये मीठ किती जातंय तेवढं बघा. सुजेसाठी संध्याकाळी घोट्यावर बोट दाबून पाहा, खळगा राहिला तर मात्रेबद्दल विचारा, पण गोळी आपणहून सोडू नका. ईसीजीतल्या शंकेचं निरसन इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, होईल, तो करून घ्या. महिन्याने परत बसून आणि उभ्याने माप. घरची सरासरी १३५ च्या खाली आली आणि उभ्याने भोवळ नसेल तर तिथंच थांबायलाही हरकत नाही, पुढे ढकलायचं की नाही ते त्यांच्या डॉक्टरांनी आईंकडे बघून ठरवावं. "जन्माची गोळी"बद्दल काकूंना सांगा, वजन उतरलं, मीठ कमी झालं किंवा पुढे वय वाढून दाबच उतरायला लागला तर आम्ही मात्रा कमी करतो, कधी बंदही करतो. फक्त ते मोजून करायचं असतं.

जुना_नाशिकरोडकर

माझंही कळवतो. डॉक्टरांनी पिशवी बघितली, वाढवलेली दुसरी गोळी काढली, टॅम्सुलोसिन झोपतानाच ठेवली. बसून १४४, उभ्याने १३२. रात्री उठताना आधी पलंगावर बसून पाय हलवायचे, मग उठायचं, असं बजावलंय. सूनबाईंनी बाथरूमला दिवा आणि भिंतीला दांडी बसवून घेतली. गोदाकाठ ताई, आईंच्या बाथरूमलाही एक बसवा, ॲम्लोडिपीन असो वा नसो.